जालन्याहून दूरदेशी: अंतर किती, वेळ किती?

जालन्याहून न्यूयॉर्क किती लांब? या प्रश्नाला आज तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही बरोबर असतात. भूगोल सांगतो, सुमारे १२,६०० किलोमीटर. विमानकंपनी सांगते, मुंबईहून थेट विमान धरले तर साधारण सोळा तास. आणि मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जाऊन आलेले आईवडील सांगतात, घराला कुलूप लावल्यापासून मुलीच्या दारात पोचेपर्यंत सव्वा दिवस.

लांबचा विमानप्रवास नेमका कशाने मोजायचा, हा प्रश्न भाडे, नुकसानभरपाई, प्रदूषणाचा हिशेब आणि एखाद्या भागाला विमानसेवा द्यायची की नाही या निर्णयापर्यंत पोचतो. ज्या जिल्ह्याला स्वतःचा प्रवासी विमानतळ नाही, तिथे तर तो रोजच्या व्यवहारातला आहे. म्हणून जालना जिल्हा मध्ये ठेवून या चर्चेचा आजवरचा आढावा इथे घेतला आहे.

पार्श्वभूमी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, पण बाहेरच्या जगाशी या गावाचा संबंध त्याहून जुना आहे. निजामाच्या काळात मनमाड-हैदराबाद हा रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि जालन्याची बाजारपेठ एकीकडे मुंबईशी, दुसरीकडे हैदराबादशी जोडली गेली. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. पुढे लोखंडी सळयांचे कारखाने वाढले. बियाणे, पोलाद आणि त्यानंतर मुलांची शिक्षणे, या तिन्हींनी जालन्याच्या माणसाला लांबचा प्रवास करायला लावला.

त्याच काळात लांबच्या प्रवासाची वेळ झपाट्याने घटत गेली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा अशी विश्रांती घेत लंडनला निघाले. १९६० मध्ये बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, तीही टप्प्याटप्प्याने. मुंबई-न्यूयॉर्क हे अंतर कुठेही न थांबता कापणारी एअर इंडियाची सेवा २००७ मध्ये आली.

जालन्याला जवळचा विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीच्या औरंगाबादचा) चिकलठाणा. तो शहराच्या पूर्वेला, जालना रस्त्याच्याच बाजूला असल्याने जालनेकरांना तो सोयीचा पडतो. करमाड, बदनापूर ओलांडले की तासाभराचे अंतर. पूर्वी इथली विमाने साखळी पद्धतीने चालत. २६ एप्रिल १९९३ रोजी ज्या विमानाला इथे उड्डाण घेताना भीषण अपघात झाला, ते दिल्ली-जयपूर-उदयपूर-औरंगाबाद-मुंबई असे टप्पे घेत निघालेले होते. आज ती साखळी राहिलेली नाही. मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू अशा मोठ्या शहरांना थेट विमाने जातात, मात्र ती मोजकी असतात आणि हंगामागणिक त्यांचे वेळापत्रक बदलते.

पहिली भूमिका: अंतर हेच खरे माप

पहिला पक्ष म्हणतो, अंतर बदलत नाही, म्हणून मोजायचे ते अंतरच. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या पाठीवरून त्यांना जोडणारी सर्वांत जवळची वाट, म्हणजे बृहद्‌वृत्तावरचा कंस, काढायचा. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली की कागदावरही हा हिशेब जमतो. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे येणारा फरक फार तर अर्ध्या टक्क्याच्या घरातला असतो.

भिंतीवरच्या नकाशाने मनात बसवलेले काही समज हा हिशेब मोडून काढतो. मुंबई पश्चिमेला आणि अमेरिकाही पश्चिमेला, तेव्हा मुंबईला गेलो म्हणजे अमेरिकेच्या तेवढे जवळ गेलो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जालना ते न्यूयॉर्कजवळचे नेवार्क सुमारे १२,६०० किलोमीटर आहे आणि मुंबई ते नेवार्क सुमारे १२,५५०. म्हणजे जालना-मुंबई हा एवढा प्रवास करून आपण न्यूयॉर्कच्या जेमतेम ५०-६० किलोमीटर जवळ जातो. कारण नेवार्ककडे जाणारी सर्वांत जवळची वाट जालन्याहून निघताना उत्तरेकडे तोंड करून, किंचितच पश्चिमेला कलते आणि वाटेत आर्क्टिक वर्तुळाच्या आसपास पोचते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत तर चित्र उलटेच आहे. जालन्याहून ते सुमारे १३,३५० किलोमीटरवर आहे आणि मुंबईहून सुमारे १३,५१०. तिकडे निघालेला जालनेकर मुंबईला जातो तेव्हा तो मुक्कामापासून दीडशेहून अधिक किलोमीटर लांब गेलेला असतो. दुबईसाठी मात्र मुंबईची वाट सरळ पडते. जालन्याहून सुमारे २,१९० आणि मुंबईहून सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे अडीचशेहून अधिक किलोमीटर वाचतात.

अमेरिकेसाठी दिल्लीचा पर्याय विचारात का घ्यावा, हेही या आकड्यांवरून कळते. दिल्ली ते नेवार्क हे अंतर सुमारे ११,७६० किलोमीटर, मुंबईपेक्षा जवळपास आठशेने कमी. चिकलठाण्याहून दिल्ली सुमारे ९८० किलोमीटर उत्तरेला आहे, आणि हे सगळे अंतर जवळपास मुक्कामाच्या दिशेनेच कापले जाते.

या भूमिकेचे बळ तिच्या निःपक्षपातीपणात आहे. कोणतीही कंपनी हा आकडा आपल्या सोयीने फिरवू शकत नाही. तिची मर्यादाही उघड आहे: विमान या रेषेवरून क्वचितच उडते आणि प्रवासी तर कधीच या रेषेवरून निघत नाही.

दुसरी भूमिका: वेळापत्रकातली वेळ

दुसरा पक्ष विमानकंपन्यांचा आणि वेळापत्रके आखणाऱ्यांचा आहे. प्रवासी किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे माप म्हणजे ‘ब्लॉक टाइम’: विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून मुक्कामाच्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा वेळ. तिकिटावर छापलेल्या दोन वेळांमधला फरक तोच, फक्त दोन्ही वेळा स्थानिक असल्यामुळे वजाबाकीत घड्याळांमधला फरक धरावा लागतो.

चिकलठाणा-मुंबई या उड्डाणाचेच उदाहरण घेऊ. सरळ अंतर सुमारे २८० किलोमीटर. जेट विमान उंचीवर ताशी आठशे किलोमीटरने जाते, त्या हिशेबाने वीस-बावीस मिनिटे पुरायला हवीत. वेळापत्रकात मात्र साधारण तासभर किंवा थोडे जास्तच असते. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, उंची गाठणे, ती गाठते न गाठते तोच खाली उतरायला लागणे, मुंबईच्या आकाशात रांगेत घिरट्या घालणे आणि उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत सरकणे, या सगळ्यात उरलेली मिनिटे जातात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्र वापर होत नाही आणि तिथली रांग हा कायमचा भाग आहे. परिणामी चिकलठाणा-मुंबई प्रवासाचा सरासरी वेग ताशी तीनशेच्याही खाली येतो, तर मुंबई-नेवार्कचा पावणेआठशेच्या पुढे जातो. अंतर दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही, हा मुद्दा या पक्षाने नीट दाखवून दिला आहे.

यावरचा आक्षेपही जुना आहे. कंपन्या वेळापत्रकात जादा मिनिटे घालून ठेवतात, मग उशिरा निघालेले विमानही ‘वेळेवर’ पोचल्याची नोंद होते, असे टीकाकार म्हणतात. पंधरा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवर धरण्याची पद्धत भारतासह जगभर आहे. कंपन्यांचे उत्तर असे: गर्दीच्या विमानतळांवर उशीर होणारच, तो आधीच धरून खरी वेळ सांगणे प्रवाशाच्याच हिताचे, कारण पुढचे विमान गाठायचे असेल तर त्याला खात्रीची वेळ हवी असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. किती मिनिटे गर्दीची आणि किती आकडे चांगले दिसावेत म्हणून घातलेली, हे बाहेरून वेगळे काढता येत नाही.

तिसरी भूमिका: दारापासून दारापर्यंत

तिसरे माप प्रवाशाचे, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात ते सर्वांत महत्त्वाचे ठरते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलपर्यंत पोचण्याचे आज तीन मुख्य मार्ग आहेत.

पहिला, चिकलठाण्याहून विमान. तासाभराचा रस्ता, उड्डाणाच्या दोन तास आधी पोचणे, तासाभराचे उड्डाण, मग मुंबईत पुढच्या विमानाची वाट. स्थानिक विमाने मोजकी, आणि अमेरिकेची बरीच विमाने मध्यरात्रीनंतरची. त्यामुळे मधली थांबणूक चार-सहा तासांची सहज होते. देशांतर्गत विमान वेगळ्या टर्मिनलवर उतरले तर दुसऱ्या टर्मिनलपर्यंत रस्त्याने जावे लागते.

दुसरा, समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. जालन्याच्या इंटरचेंजवर चढले की आमणेपर्यंत सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर सलग. ताशी १२० ची मर्यादा पाळूनही हा भाग साडेतीन-चार तासांत होतो. पुढे भिवंडी, ठाणे ओलांडून विमानतळ गाठायला लागणारा वेळ मात्र घटकेगणिक बदलतो.

तिसरा, रेल्वे. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवली गेली. जालना ते मुंबई सहा-सात तास. याशिवाय देवगिरीसारख्या रात्रीच्या गाड्या आहेतच. मात्र रेल्वेचे वेळापत्रक आणि विमानाचे वेळापत्रक एकमेकांकडे पाहून आखलेले नसते. दुपारी मुंबईत उतरून मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी अर्धा दिवस काढावा लागतो.

आता बेरीज करू. रस्त्याने गेल्यास सहा तास, तीन तास आधी पोचणे, सोळा तासांचे उड्डाण, तिकडे इमिग्रेशन, सामान आणि घरापर्यंतचा रस्ता मिळून दोन-तीन तास: एकूण सत्तावीस-अठ्ठावीस. चिकलठाण्याहून गेल्यासही बेरीज जवळपास तेवढीच येते. म्हणजे वाद वेळेच्या बचतीचा राहत नाही, तो खात्रीचा आणि दगदगीचा होतो. इथून दोन मते निघतात.

विमानाच्या बाजूचे लोक म्हणतात, एकाच तिकिटावर चिकलठाणा ते नेवार्क असा प्रवास असेल तर सामान थेट पुढे जाते आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर पुढची सोय करणे कंपनीचे काम असते. साठी ओलांडलेल्या प्रवाशांना रात्रीचा रस्ता टळतो. रस्त्याच्या बाजूचे लोक म्हणतात, गाडी आपल्या वेळेला निघते, विमान रद्द झाले म्हणून सगळा प्रवास कोलमडत नाही, आणि तिघे-चौघे निघाले तर खर्चही कमी. दोन वेगवेगळी तिकिटे काढणाऱ्याला पहिल्या बाजूचा मुख्य फायदा मिळतच नाही. परतताना तर एकाच तिकिटावरही मुंबईत कस्टमसाठी सामान उतरवून घ्यावे लागते, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या हिशेबात यायला हवी.

या मापात तारखेचाही भाग आहे. तिकिटावर १२ तारीख, रात्री १:३० असे छापलेले असते तेव्हा जालन्यातून निघायचे ते ११ तारखेच्या दुपारी. हे लक्षात न आल्याने विमान चुकल्याचे प्रसंग घडतात. शिवाय अमेरिकेतले घड्याळ मार्चमध्ये तासभर पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे होते. त्यामुळे नेवार्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते.

वारे आणि बंद आकाश

तिन्ही मापांना धक्का देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना लागणारा वेळ परतीपेक्षा तास-दीड तासाने जास्त असतो, तो बहुतांशी यांच्यामुळे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाले, पण पाठीशी वारा मिळाल्याने प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर संपला. लांबची वाट जवळची ठरू शकते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण नाही. पुढे जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या केवळ महिला वैमानिकांच्या चमूने सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरू हे सुमारे १४,००० किलोमीटरचे अंतर उत्तर ध्रुवावरून कापले. तिथे बृहद्‌वृत्ताची वाट आणि विमानाची वाट बऱ्याच अंशी एक झाली.

दुसरी गोष्ट राजकारणाची. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले. दिल्लीचा आठशे किलोमीटरचा फायदा कागदावर राहिला, आकाशात आटला. २०२२ मध्ये रशियाचे आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झाल्यावर युनायटेडने नेवार्क-मुंबई सेवा स्थगित केली. अंतर तसूभरही बदलले नाही, पण तेवढी एक वाट नाहीशी झाली.

नियम कोणते माप मानतात?

कोणते माप स्वीकारायचे यावर नियमांतही एकमत नाही. युरोपीय संघाचा २००४ चा नियम नुकसानभरपाई अंतरावर ठरवतो: १,५०० आणि ३,५०० किलोमीटर हे त्याचे टप्पे. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम वेळेवर चालतो. पुरेशी सूचना न देता उड्डाण रद्द झाल्यास ब्लॉक टाइम तासाभरापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५०० आणि त्यापुढे १०,००० ही कमाल मर्यादा, किंवा मूळ भाडे व इंधन आकार मिळून होणारी रक्कम, यांपैकी कमी असेल ती. म्हणजे चिकलठाणा-मुंबई उड्डाण वेळापत्रकात साठ मिनिटांचे दाखवले की पासष्ट, यावर प्रवाशाचा हक्क बदलू शकतो. अंतर मात्र दोन्ही वेळा तेच असते.

प्रदूषणाच्या हिशेबात आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना मधला मार्ग घेते. बृहद्‌वृत्ताचे अंतर घ्यायचे आणि प्रत्यक्ष वळसे धरून त्यात ५० ते १२५ किलोमीटर मिळवायचे. प्रादेशिक विमानसेवेच्या ‘उडान’ योजनेत सुमारे ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये असे अंतर आणि वेळ दोन्ही एकत्र धरले गेले. दारापासून दारापर्यंतची वेळ मात्र यांपैकी कोणत्याही नियमात नाही.

भाडे आणि अंतर यांचा मेळ नसतो, हे मराठवाड्याने हज यात्रेच्या निमित्ताने पाहिले. चिकलठाण्याहून जिद्दाला थेट विमान ही घराजवळची सोय. तरी २०२३ मध्ये तिथले भाडे मुंबईपेक्षा बरेच जास्त निघाले आणि अनेकांनी मुंबईहून जाण्याची मुभा मागितली. सोयीची किंमत किती मोजायची, हा प्रश्न तेव्हा पुढे आला आणि तो मिटलेला नाही.

अनिर्णित राहिलेले

पहिला प्रश्न चिकलठाण्याचा. धावपट्टी वाढवण्याचा विषय आणि त्यासाठीचे भूसंपादन बराच काळ चर्चेत आहे. धावपट्टी वाढली तर मोठी विमाने उतरू शकतील, पण ती येतील का, हे प्रवाशांच्या संख्येवर ठरेल. सेवा नाही म्हणून प्रवासी मुंबईला जातात आणि प्रवासी नाहीत म्हणून सेवा नाही, ही गाठ कुठून सोडवायची यावर मतभेद आहेत. समृद्धीमुळे ती सैल होईल की आणखी घट्ट बसेल, हेही सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न नवी मुंबईच्या विमानतळाचा. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन डिसेंबरअखेर तिथून प्रवासी विमाने सुरू झाली. दूरची उड्डाणे तिकडे गेली तर समृद्धीवरून उतरणाऱ्या जालनेकराला मुंबई शहर टाळता येईल. पण एक विमान एका विमानतळावर आणि दुसरे दुसऱ्यावर, अशी वेळ आली तर चिकलठाण्याहून जोडविमान घेणाऱ्याचा त्रास वाढेल.

तिसरा प्रश्न हवामानाचा. रीडिंग विद्यापीठातील पॉल विल्यम्स यांनी २०१६ मध्ये अटलांटिकवरच्या उड्डाणांबाबत दाखवले की हवामानबदलाने जेट वारे जोर धरले तर पूर्वेकडचा प्रवास लवकर आणि पश्चिमेकडचा उशिरा होईल, आणि जाण्यायेण्याची बेरीज वाढेल. भारतातून निघणाऱ्या मार्गांवर याचा परिणाम किती, यावर एकवाक्यता झालेली नाही.

निष्कर्ष

आजच्या घडीला एवढे म्हणता येते: अंतर, ब्लॉक टाइम आणि दारापासून दारापर्यंतची वेळ ही तीन मापे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. प्रदूषणाचा हिशेब आणि तुलना यांना अंतर हवे, पुढचे विमान गाठायला ब्लॉक टाइम हवा, आणि एखाद्या जिल्ह्याला सेवा पुरेशी आहे का हे ठरवायला दारापासून दारापर्यंतची वेळ हवी. पहिली दोन मापे नियमांत आहेत, तिसरे नाही. त्यामुळे विमानतळ असलेल्या शहराचा आकडा त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांनाही लागू धरला जातो आणि जालन्याचे पहिले सहा तास कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. विमानसेवेच्या नियोजनात प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणापासूनची ही वेळ मोजून जाहीर झाली, तर चिकलठाणा, समृद्धी आणि नवी मुंबई यांच्याबद्दलचे निम्मे वाद अंदाजावरून आकड्यांवर येतील. तोवर जालनेकराने लांबच्या उड्डाणाची वेळ आधी पक्की करावी, तिथून उलटे मोजत घरातून निघण्याची वेळ काढावी आणि शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवावा, एवढे या चर्चेतून निश्चित हाती लागते.